पूजेतला जॅक

डिकी उघडी होती. स्टेपनीत हवा पुरेपूर होती. पण जॅक नव्हता, आणि पानाही नव्हता.

संहिताने डिकीतली चटई पुन्हा उचलून पाहिली. मागचं डावं चाक पार रिमवर बसलं होतं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. परीक्षा केंद्राचं फाटक पावणेनऊला बंद होणार होतं, आणि केंद्र खंडवा रोडवर अजून सहा किलोमीटर पुढे होतं.

"बाबा, जॅक कुठंय?"

गजाननरावांनी कपाळावर हात मारला. "अगं, पूजेत!"

आज खंडेनवमी. तिचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. छत्रीबागेतल्या घरी दर वर्षी त्यांची तलवार पाटावर मांडली जाते. या वर्षी बाबांनी तलवारीशेजारी गाडीची अवजारंही मांडली. "आता आपली हत्यारं हीच," ते म्हणाले. तिला हसू आलं होतं. पहाटे तिनेच एकेकाला कुंकू लावलं: जॅक, पाना, पंप, हवेचा गेज. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. निघताना ते तिच्याही लक्षात आलं नाही.

आणि चाक बसलं, तेही या माणसाच्या गाडीत. गजाननराव दर रविवारी चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा स्वतः मोजत. त्यासाठी त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती. तिच्यात दोन खाचा. एकीत गेज, दुसरीत वॉल्व्हची पिन फिरवायची छोटी चावी. सहा वर्षांत त्यांची गाडी रस्त्यात कधी उभी राहिली नव्हती. आज पहाटेही संहिता अंघोळीला गेली तेव्हा ते खाली गाडीपाशीच होते.

"तशीच चालवा, बाबा. हळूहळू जाऊ."

"रिम जाईल गं."

"जाऊ दे ना!"

"आणि गाडी पलटली म्हणजे? तू बैठ शांत. कोणी ना कोणी थांबेल."

तिने फोनवर कॅब बोलावली. कॅबवाल्याने हो म्हटलं आणि चार मिनिटांनी रद्द केलं. मग एक दूधवाला थांबला. बाइकच्या दोन्ही बाजूंना रिकामे डबे लटकत होते.

"छोड़ दूँ, दीदी? पीछे जगह कर देता हूँ."

ती पुढे झाली. बाबांनी तिचा दंड धरला. "कुठे बसशील त्या डब्यांमध्ये? तुझी आई असती तर तिने बसू दिलं असतं?"

आईचं नाव निघालं आणि ती थांबली. दूधवाला खांदे उडवून निघून गेला.

डिसेंबरात तिला तीस पूर्ण होणार होती. त्यानंतर या परीक्षेला बसता येत नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेतली कायमची नोकरी होती, विशाखापट्टणमला. आई गेल्यापासून चार वर्षं ती कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवत होती आणि घरी येऊन पोळ्या लाटत होती. फॉर्म भरला त्या दिवशी बाबा हसून म्हणाले होते, "जा, खुशाल जा. मी आणि ही गाडी, राहू दोघं." काल ती सकाळची कॅब ठरवत होती, तर रागावले. "घरची गाडी असताना?"

पावणेनऊला एका टेम्पोवाल्याने जॅक आणि पाना दिला. बाबांनी सात मिनिटांत स्टेपनी चढवली. ते केंद्रावर पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिने फाटकाच्या सळ्यांतून प्रवेशपत्र आत धरलं. चौकीदाराने ते हातातही घेतलं नाही.

"टाइम हो गया, मैडम."

गजाननराव फाटकाबाहेर दगडावर बसले आणि रडू लागले. "चूक माझीच. मीच मांडला तो जॅक." तिने त्यांना पाणी दिलं. म्हणाली, "असू दे, बाबा. कुंकू तर मीच लावलं ना." परतताना त्यांनी तिला आग्रह करकरून पोहे-जलेबी खायला घातली.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीची पूजा व्हायची, म्हणून ती सकाळीच गाडी घेऊन बडा गणपतीपाशी लक्ष्मणच्या पंचरच्या दुकानी गेली. त्याने डिकीतलं चाक काढून त्यात हवा भरली आणि फक्त टायरची कड टाकीत बुडवून ते हळूहळू फिरवलं. पाणी शांत होतं.

"पंचर तो है ई नी, दीदी."

मग त्याने वॉल्व्हच्या तोंडाला ओलं बोट लावलं. तिथे बारीक बुडबुडे आले.

"ये देखो. पिन ढीली है."

"खड्ड्यात आपटून होते का ढिली?"

"ना. कस के बैठती है ये. चाबी से ही खुलती है, छोटी-सी आती है."

ती घरी आली. बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, निघालं का पंचर?"

ती पाटासमोर बसली. अजून काही हलवलेलं नव्हतं. तलवार, जॅक, पाना, पंप. डबी उघडीच होती. गेजवरचं तिचं कुंकू सुकलं होतं. शेजारची खाच रिकामी होती.

काल पहाटे कुंकू लावतानाही ती रिकामीच होती.