डाव्या पात्याखालचा तीळ

पडद्यावरच्या चित्रफितीत पाठमोरी खेळाडू दोन्ही हातांनी डंबेल वर नेत होती. फिजिओ हेमांगीताईंनी तिच्या खांद्याचं पातं निरखलं आणि कागदावर लिहिलं, ‘दोष आहे.’ वीस वर्षांची नजर. दोनदा बघायची गरज पडत नसे.

मग पात्याखालचा तीळ दिसला. हीच पाठ सकाळी पाहिली होती! त्यांनी सकाळचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, ‘नीट आहे.’

“तीच चित्रफीत मी मुद्दामच परत लावली, मॅडम. दोन्ही वेळा निकाल सारखाच येतो का, ते बघायला,” चित्रफिती लावणारी सहकारी ओशाळून म्हणाली.

ताईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. असल्याच एका नजरेवर गेल्या आठवड्यात त्यांनी भालाफेक करणाऱ्या अश्लेषाला शिबिरातून घरी धाडलं होतं. त्यांनी तिला फोन लावला.

“उद्या ये गं. परत तपासायचंय.”

“परत माझा खांदा, मॅडम?”

“नाही पोरी, या खेपेला माझी नजर.”