कंबरभर पाणी

पाणी घोट्याला लागलं आणि शेषेराव थांबले.

समोर मन्याड नदी संथ वाहत होती. दहा-बारा पावलांवर पास्टर अमरेश कंबरभर पाण्यात उभे राहून त्यांची वाट बघत होते. मागं काठावर चर्चच्या मंडळीतली पंचवीस-तीस माणसं टाळ्यांवर गीत म्हणत होती. जानेवारीतली सकाळ, पाणी चांगलंच गार. पण अडुसष्ट वर्षांचे शेषेराव थांबले ते काही थंडीनं नव्हे.

ते नऊ वर्षांचे असताना त्यांचा धाकटा भाऊ गावच्या विहिरीत बुडाला. ते वरच्या पायरीवर उभे होते. ओरडायलाही आवाज फुटला नव्हता. त्यानंतर ते कधी विहिरीत डोकावले नाहीत. पोळ्याला बैल धुवायचे म्हटलं तरी दुसऱ्या कुणाला तरी नदीवर पाठवायचे. कंधारच्या बाजाराला जाताना गाडी पुलावर आली की डोळे मिटून घ्यायचे.

बाप्तिस्मा घ्यायला ते आज तिसऱ्यांदा आले होते. आधी दोनदा याच काठावरून परत फिरले. मंडळीतलं कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. घरी गेल्यावर त्यांना तेच जास्त लागलं.

"काका," अमरेश पाण्यातूनच म्हणाले, "तांब्यानं डोक्यावर पाणी घालू. तेवढ्यानं भागतंय. देव काही पाणी मोजत नाही."

"मोजत न्हाई, म्हाईत हाय मला." शेषेरावांची नजर पाण्यावरून हलेना. "पर पास्टर, म्या रोज सकाळी गुडघ्यावर बसून म्हणतो, प्रभू, सगळं तुझ्या हवाली केलं. अन् इथं कंबरंएवढ्या पाण्याला भिऊन राहिलो. मंग हवाली काय केलं म्या? निस्ती भाषाच केली की."

अमरेशनी दोन्ही हात पुढं केले.

शेषेराव तसेच उभे. गीत संपलं. पुढचं कुणी सुरू करेना. एवढ्यात काठावरून केवळाबाईंचा आवाज आला. नवऱ्याचं कोरडं धोतर आणि टॉवेल काखेत धरून त्या मघापासून उभ्या होत्या.

"अवो, उतरा म्हणत न्हाई म्या अन् नका उतरू बी म्हणत न्हाई. पर मधीच उभं राहून गारठून जाताल. तिकडं तरी जा, न्हाईतर हिकडं तरी या!"

सगळा काठ हसला. शेषेरावांनाही हसू आलं. त्यांनी डोळे मिटले. मोठी प्रार्थना त्यांना कधी जमायची नाही. मंडळीत कुणी म्हटलं, "शेषेरावकाका, आज तुम्ही प्रार्थना करा," की ते मान खाली घालायचे. आज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,

"प्रभू, भ्या काय जाईना. जाऊ दे. भ्या घेऊनच येऊन राहिलो."

आणि त्यांनी पाऊल उचललं.

पाणी पोटऱ्यांना लागलं. गुडघ्याला लागलं. पायाखालची वाळू सरकली तेव्हा तोंडातून "अगं आई" निघालं, पण पाय मागं गेला नाही. मांड्या. कंबर. अमरेशनी एक हात त्यांच्या पाठीला लावला, दुसऱ्यानं त्यांचे जोडलेले हात धरले. "श्वास धरा काका. मी सोडत नाही."

मग आभाळ वर राहिलं आणि पाणी कानांवरून गेलं.

इतकी वर्षं त्यांना वाटायचं, पाण्याखाली गेलो की भाऊ दिसेल. भाऊ दिसला नाही. पाण्यात मऊ, हिरवट उजेड होता आणि पाठीखाली एक पक्का तळहात. शेषेरावांना नवल वाटलं. किती शांत होतं तिथं.

वर आले ते ओरडतच. "झालं! झालं की! केवळा, झालं बघ!"

अख्ख्या मंडळीदेखत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली होती. काठावर एकच गलका उठला. बाया गाऊ लागल्या, पुरुष टाळ्या पिटू लागले. केवळाबाई हसतही होत्या आणि रडतही होत्या, आणि डोळे पुसायला पदर सोडून त्यांनी नवऱ्याचं कोरडं धोतरच घेतलं.

पुढं बाप्तिस्म्याला शिवकन्येचा नंबर होता. अंगणवाडीत शिकवणारी पोरगी, एरवी मोठी धीट. शेषेरावांची धडपड बघता बघता तिचंच अवसान गळालं होतं. पाण्याच्या कडेला येऊन ती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

"काका, तुम्ही बाहेर जा आता," अमरेश म्हणाले. "थंडी बाधंल."

"अवो, या की बाहेर!" केवळाबाईही ओरडल्या.

"थांब जराशी," शेषेराव म्हणाले. "पोरगी भेऊन राहिली."

ते वळले. पाणी कापत काठाकडं निघाले, पण बाहेर आले नाहीत. गुडघाभर पाण्यात थांबले आणि त्यांनी शिवकन्येपुढं हात केला.

तिनं त्या हाताकडं बघितलं. "काका, तुमचाच हात थरथरून राहिला की."

"थरथरू दे," शेषेराव हसले. "तू धर."