मुतलाळींचा कान

"पावसात डावा घरघरतो का हो?" अवराच्चन मुतलाळींनी विचारलं आणि दिवाकरनच्या हातातला चहा बशीत सांडला.

घरघरायचा. पाऊस लागला की डावा स्पीकर अगदी बारीक घरघरायचा, मांजर झोपेत घरघरतं तसा. पण हे ठाऊक होतं फक्त तिघांना. दिवाकरनला, त्याच्या बायकोला आणि स्पीकर बनवणाऱ्या शशीला. बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं. मग ह्या बाबाला कळलं कसं?

"छे हो," दिवाकरन म्हणाला. "कुठे काय!"

मुतलाळी नुसते हसले. रबराच्या मोठ्या मळ्याचे मालक, म्हणून सगळे त्यांना मुतलाळीच म्हणत. अख्ख्या कांजिरपळ्ळीत गाण्याचा कान म्हणजे त्यांचाच. त्यांच्या घरचा स्टिरिओ बघायला कोचीहून माणसं यायची. आणि असा माणूस टपालखात्यातून निवृत्त झालेल्या कारकुनाच्या व्हरांड्यात पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा, काही काम नसताना, येऊन बसतो? पाणी कुठेतरी मुरत होतं.

जाता जाता मुतलाळी स्पीकरपुढे वाकले. फणसाच्या लाकडाचे, जेमतेम हातभर उंचीचे ते दोन खोके. शशीने पुढच्या बाजूला नेसायच्या जुन्या मुंडूचं कापड ताणून बसवलं होतं, सोनेरी काठासकट.

"काठ वर लावलाय," मुतलाळी पुटपुटले. "खाली बरा दिसतो." आणि छत्री उचलून चालू पडले.

"घ्या! आता काठालाही नावं ठेवा!" त्याची बायको ओमना स्वयंपाकघरातून कडाडली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या मंडळात नाव घालायला?"

कुणीच नाही, हीच तर गंमत. हौस दांडगी. सहा जणांचं मंडळ, दर रविवारी चार वाजता एकेकाच्या घरी. यजमानाने रेकॉर्ड लावायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि गाणं संपलं की प्रत्येकाने एक खोट सांगायची. सांगायचीच. नियमच तसा होता. कुट्टप्पनच्या स्टिरिओतल्या पाच खोटी काढल्या, त्या दिवसापासून त्याला गाण्याऐवजी त्या खोटीच ऐकू यायला लागल्या. आता त्याच्या स्पीकरांवर लोणच्याच्या बरण्या आहेत.

येत्या रविवारी बैठक मुतलाळींकडे होती. त्याच्या पुढच्या रविवारी दिवाकरनकडे.

रोज दुपारी जेवून उठलं की दिवाकरन उजव्या स्पीकरवर तळहात ठेवून बसायचा. मृदंगाचा ठोका लाकडातून हातात यायचा, हातातून कोपरापर्यंत चढायचा. साऱ्या दिवसात हे एवढंच सुख त्याचं स्वतःचं होतं, आणि ते त्या पाच जणांच्या तोंडी द्यायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

त्याने तडक शशीचं दुकान गाठलं.

"माझ्या घरघरीची चुगली तूच केलीस ना मुतलाळींकडे?"

"देवाशप्पथ, दिवाकरनचेट्टा! तुमच्याबद्दल मी कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही."

पण बोलताना शशीने मान वर केली नाही. उघडलेल्या रेडिओवर उगाच फुंकर मारत राहिला. दिवाकरन मनात म्हणाला, लबाड कुठला.

रविवारी मुतलाळींच्या दिवाणखान्यात माणसाएवढे उंच दोन काळे स्पीकर उभे होते. मागे भिंतभर जाड पडदा, पुढे दोरी. दोरीपलीकडे कुणी जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. अँप्लिफायरवर काचेचे दिवे पेटले होते. सगळ्यांनी डोळे मिटले.

गाणं संपल्यावर मंडळातल्या लोनप्पनने डोळे पुसले. "खोट? अहो, देवाच्या चुका कोण काढणार!"

"एवढ्याएवढ्या डब्यांतून निघतो का असा आवाज?" कुट्टप्पन म्हणाला. आपला राग त्याला कुणावर तरी काढायचाच होता. "काय दिवाकरन, पुढच्या रविवारी कानात घालायला कापूस आणू ना?"

सगळे खो खो हसले. हसले नाहीत ते एकटे मुतलाळी. ते दिवाकरनकडे टक लावून बघत होते. बघ बघ, दिवाकरन मनात चरफडला, पुढच्या रविवारसाठी राखून ठेव. घरी जाऊन स्टिरिओवर चादर घालायची आणि आजारी पडलो म्हणून कळवायचं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मुतलाळींनी रेकॉर्ड उलटली. पुन्हा डोळे मिटले गेले. तेवढ्यात कौलांवर पाऊस कोसळला.

"अरे देवा, शीट!" अंगणात रबराच्या शीट वाळत घातल्या होत्या. मुतलाळी छत्रीसुद्धा न घेता धावले. बाकीचे मात्र डोळे मिटून बसून राहिले. नियम म्हणजे नियम.

दोनेक मिनिटं गेली असतील. आणि गाण्याच्या तळाशी दिवाकरनला काहीतरी ऐकू आलं. बारीक. डावीकडून. झोपेतल्या मांजरासारखं.

त्याने डोळे उघडले. तो उठला, पाय न वाजवता दोरी ओलांडली आणि डाव्या उंच स्पीकरवर तळहात टेकवला.

खोलीत मृदंग घुमत होता. हाताला काहीच लागत नव्हतं. भिंतीवर हात ठेवावा तसं.

मागून ओल्या पावलांचा आवाज आला. दारात मुतलाळी उभे होते, भिजलेल्या शीट छातीशी धरून, चेहरा पांढराफटक पडलेला. ते नुसती मान हलवत होते, नको, नको म्हणून.

दिवाकरनने पडद्याची कड उचलली. आत जमिनीवर फणसाच्या लाकडाचे, हातभर उंचीचे दोन खोके वाजत होते. त्यांच्यावरचं कापड पिवळं पडून जागोजागी विरलं होतं. सोनेरी काठ खाली होता.