नखाची कपची

पिंजऱ्यातल्या बिबटीनं दोन दिवसांपासून मांसाला तोंड लावलं नव्हतं. तिची आचळं दुधानं तटतटली होती. ते पाहून बिबट्यांवर संशोधन करणाऱ्या उर्वीनं वनरक्षक बसवंतला विचारलं, "हिची पिल्लं कुठं आहेत?"

"असतील की नाल्याकडं. पन सोडायची कशी, मॅडम? गाव हापिस जाळून टाकंल. माणूस मारलाय हिनं."

"हिनंच मारला कशावरून?"

"हीच घावली ना." बसवंत हसला. मग त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं, कारण त्यानं पाण्याचं घमेलं उगाच जरा पुढं सरकवलं.

किनवटच्या जंगलाला लागून असलेल्या त्या वाडीतला हनुमंत मरून आठवडा व्हायचा होता. सकाळी तो शेताच्या बांधावर पडलेला सापडला. डोकं दगडावर आपटलेलं, मानेवर चार ओरखडे. बिबट्यानं झेप घेतली आणि तो मागं कोसळला, असं सगळ्यांनीच धरलं. डॉक्टरांच्या परवानगीनं उर्वीनं त्या जखमा तपासल्या होत्या. लाळेचा मागमूस नव्हता. ओरखडेही सारख्या खोलीचे नव्हते. हे तिला खटकलं. पण माणूस धडपडतो, पंजा सरकतो. सगळ्यात खोल ओरखड्यात मात्र चिमट्याला काहीतरी टणक लागलं. नखाची कपची, तांदळाच्या कणीएवढी.

तेवढी पुरेशी होती. तिच्यातल्या डीएनएवरून जनावर नर की मादी हे आधी कळणार होतं, आणि नेमकं कुठलं ते नंतर. विद्यार्थिनी होती तेव्हापासून उर्वी या रानातून बिबट्यांची विष्ठा गोळा करत आली होती. इथल्या बहुतेक बिबट्यांची जनुकीय ओळख प्रयोगशाळेत होती. कपची या बिबटीची निघाली, तर ती जन्मभर पिंजऱ्यात जाणार होती. पिल्लं त्याआधीच संपली असती.

वाडीत दिवस कलला की दारं लागत. कुणी लेकरांना शाळेत पाठवेना. रॉकेलचे डबे घेऊन पोरं एकदा वनखात्याच्या फाटकापर्यंत येऊन गेली होती.

उर्वी बसवंतला घेऊन हनुमंताच्या घरी गेली. घर ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीत एक बिबट्या बुडून मेला, तेव्हा ती इथं पहिल्यांदा आली होती. हनुमंतानंच आत उतरून जनावराला दोर बांधला होता.

त्याची आई रुक्मिणबाई ओसरीवर बसली होती. डावा हात तिला खांद्याच्या वर नेता येत नसे. पडले होते, एवढंच ती सांगे. सून ज्ञानेश्वरी चहा घेऊन आली. तेवढ्यात रस्त्यावर हनुमंताची होती तशीच मोटारसायकल वाजली आणि तिच्या हातातली कपबशी किणकिणली. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. हनुमंत, शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्यात काळा दोरा.

"मावशी, तपासणीचा निकाल यायचाय अजून," उर्वी म्हणाली.

"निकाल कशाला पायजे? सोडा तिला. लेकरं हाईत तिला."

बसवंत चहा फुंकायचा थांबला. "माय, तुमच्या लेकाचा जीव घेतलाय तिनं."

"तिनं न्हाई."

"तुमी काय बघाय गेलता?"

रुक्मिणबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "लेकुरवाळी हाय ती. पोरं टाकून उगं कुणाच्या वाटंला जाईल?"

परतताना बसवंतनं वाटेतला दगड पायानं बाजूला लोटला. "काय काळीज हाय म्हातारीचं," तो म्हणाला. "मी असतो तर गोळीच घाला म्हनलो असतो." उर्वीलाही म्हातारीच्या काळजाचं नवल वाटत होतं. तिनं अशी आई पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून अनिमेषचा फोन आला. "कपची नराची आहे."

वरिष्ठांची परवानगी मिळताच पहाटे नाल्याजवळ पिंजऱ्याचं दार वर ओढलं. बिबटी क्षणभर दबा धरून बसली, मग झुडपांत शिरली. थोड्या वेळानं आतून बारीक गुरगुर ऐकू आली. बसवंतनं टोपी काढून हातात धरली.

पण वाडीत कुणाला आनंद नव्हता. मारणारा नर अजून रानातच होता. उर्वीसुद्धा आता पायवाटेनं चालताना मधेच थांबून मागं बघू लागली होती.

नांदेडला निघताना ती निरोप घ्यायला गेली.

"नर हाय म्हने," रुक्मिणबाई म्हणाली.

"हो. अजून मोकळाच आहे, मावशी. ज्ञानेश्वरीला एकटीला शेतात पाठवू नका."

"आता काय न्हाई व्हत."

उंबऱ्यात उभी असलेली ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच जराशी हसली. रुक्मिणबाईनं कनवटीची पुरचुंडी काढून उर्वीच्या मुठीत कोंबली. जुन्या लुगड्याची चिंधी, गच्च बांधलेली. "तू त्या बिबटीचं भलं केलंस, माय. रानात फिरतीस. ह्ये तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. आमच्या घरात नको आता."

अंगारा असेल, असं समजून उर्वीनं ती पर्समध्ये टाकली आणि वाकून नमस्कार केला.

एसटी किनवटच्या बाहेर पडत होती, तेव्हा अनिमेषचा पुन्हा फोन आला.

"तुझा नर सापडला. पण गंमत बघ, तो तीन वर्षांपूर्वीच मेलाय. विहिरीतला. जाळण्याआधी नखं मोजली तेव्हा एक कमी भरलं होतं, तोच."

"शक्य नाही. नमुन्यांची सरमिसळ झाली असेल."

"मलाही तेच वाटलं. उरलेल्या तुकड्यावर परत चाचणी करून पाहिली. तोच आहे."

फोन ठेवून उर्वीनं रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, तर पुरचुंडीच हाताला लागली. बोटांनी दाबली तेव्हा चिंधीच्या घड्यांखाली काहीतरी टणक होतं.

तिनं गाठ सोडली. आत तुटलेल्या काळ्या दोऱ्यात चांदीनं मढवलेलं बिबट्याचं नख होतं, आणि त्याचं टोक तांदळाच्या कणीएवढं उडालेलं होतं.