पत्र्यावरचा खोकला

जावईबापूंनी नव्या दिव्यासाठी छताच्या जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याला ड्रिल टेकवलं, की वर कोणीतरी खोकायचं. ड्रिल थांबलं, की खोकलाही थांबायचा.

"मांजर असेल," ते शिडीवरून म्हणाले.

"मांजर कुठलं, तुमचे सासरे आहेत," सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "असल्याच पत्र्यांना भोकं पाडण्यात त्यांचा जन्म गेला. धूळ छातीत बसली, ती त्यांना घेऊनच गेली. तुम्हीही नाकाला काही बांधलेलं दिसत नाही."

जावईबापूंनी हट्टाने भोक पाडलंच. वर जोराची ढास लागली. सासूबाईंनी उठून पाण्याचा पेला जावईबापूंच्या हाती दिला. "कपाटावर ठेवा. पितील ते."

त्यांनी हसू दाबत पेला ठेवला, आणि त्यांनाच खोकला आला. थांबेचना.

कपाटावरचा पेला हळूच त्यांच्याकडे सरकला. आत जावयापुरतं पाणी शिल्लक ठेवलेलं होतं.