सोबत किती जण

आज प्रोग्राम चुकला तर नोकरी गेली समज, असं साहेबांनी प्रोग्रामवालीला चारचौघांत सुनावलं होतं. काळ्या पडद्यावर प्रश्न दोनच होते: पाहुण्याचं नाव, आणि सोबत किती जण. कालपर्यंत नावापुढचं आडनाव दुसऱ्या प्रश्नात घुसायचं, ते तिने निस्तरलं होतं.

लॉजच्या काउंटरवरच्या काकूंनी चाचणी म्हणून स्वतःचं नुसतं नाव टाकलं. दुसऱ्या प्रश्नापुढे आपोआप १ उमटला.

"अगं, मी एकटीच आहे," काकू हसल्या. "पण असू दे, तेवढीच सोबत."

"व्हा बाजूला," म्हणत साहेबांनी स्वतःचं नाव ठोकलं. ४ उमटला. त्याला चिकटून ७, मग ३. प्रोग्रामवालीने कीबोर्डची वायर उपटली, तरी आकडे वाढतच राहिले.

साहेबांची मान मागे वळता वळता थांबली.

"चालतोय तुझा प्रोग्राम," ते हळूच म्हणाले. "लावून टाक."