आवाजी मतदान

"दुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे," सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले, आणि काचेच्या खोलीत उभं राहून तिने ते हातांनी सांगितलं. टीव्हीच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक बाई हातवारे करताना दिसते ना, ती ही. सभागृहात जे बोललं जाईल ते ऐकू न येणाऱ्यांना खुणांनी सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढंच तिचं काम.

आज मात्र प्रश्न तिच्या घरचा होता. सकाळपासून देशभर लागू व्हायच्या मोटारकरावर रणधुमाळी चालली होती. जुन्या गाड्यांवर कराचा असा बोजा पडणार होता की, त्या भंगारात घातलेल्या बऱ्या. ही एक दुरुस्ती मंजूर झाली, तर अपंगांच्या पोटापाण्याच्या गाड्या तेवढ्या सुटणार होत्या. आणि बाहेर वाहनतळावर तिचा ठार बहिरा दादा आपल्या जुनाट व्हॅनमध्ये बसून फोनवर तिचेच हात बघत होता. इस्पितळाच्या चादरी धुलाईहून आणायच्या-पोचवायच्या, हे त्याचं काम. व्हॅन गेली की तेही गेलं. या वयात त्याला दुसरीकडे दारात कोण उभं करणार?

दुरुस्ती मांडली होती तोफसाहेबांनी. या सदस्यांना सगळे तोफच म्हणत. ते बोलायला उठले की ध्वनिक्षेपकवाला आधी आवाज कमी करून ठेवी. मागच्या आठवड्यात ते स्वतः व्हॅनपाशी आले होते. फोटोवाल्याकडे तोंड करून त्यांनी दादाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "सभागृह दणाणून सोडतो, बघाच तुम्ही."

तिने ते खुणांनी सांगितल्यावर दादा पोट धरधरून हसला होता. "मला काय कप्पाळ कळणार दणाणलेलं! पण माणूस दिलदार आहे गं."

"होय," मागच्या बाकांवरून दोन-तीन पेंगुळलेले आवाज आले.

कॅमेरा तोफसाहेबांवर होता. ते उभे होते, मूठ वर, मान ताठ. ओठांचा गोल झाला, मग पसरला. तिने कानावरचा हेडफोन घट्ट दाबून धरला. त्यांच्या पुढ्यातला ध्वनिक्षेपक चालू होता. कुणीतरी कागद चाळल्याचं ऐकू आलं, खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. 'होय' ऐकू आलं नाही. ओठांमधून नुसती हवा गेली होती.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे."

काचेची खोली हादरली.

"दुरुस्ती नामंजूर."

तिने तेही सांगितलं.

ती वाहनतळावर आली तेव्हा दादा व्हॅनबाहेरच उभा होता. डोळे लाल, पण चेहरा कसा फुललेला.

"पाहिलंस?" त्याचे हात थांबत नव्हते. "ओरडले ते! मी ओठ वाचले ना. मूठ वर करून म्हणाले, होय!"

ती काही सांगणार, तोच तोफसाहेब आपल्या गाडीकडे जाताना दिसले. दादा धावलाच. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्याने कपाळाला लावला, मग सोडून भराभर खुणा केल्या.

"काय म्हणतात हे?" साहेबांनी तिला विचारलं.

ती जसंच्या तसं बोलली, "हरलो त्याचं काही नाही, साहेब. माझ्यासाठी आजवर कुणी ओरडलं नव्हतं."

साहेबांची नजर तिच्या गळ्यात राहून गेलेल्या हेडफोनवर गेली. तिथेच अडकली.

"दुपारी वरून निरोप आला हो," ते दादाकडे पाठ करून म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे तिला ठाऊक नव्हतं. "पक्षाचं असतं एकेक. तुम्हाला कळतं सगळं."

"मला कळून काय उपयोग? कळायला हवं ते त्याला."

दादाने तिचा दंड हलवला. "काय म्हणाले?"

"सांगा त्यांना," साहेब आता जरा मोठ्याने म्हणाले, "कर्तव्यच होतं माझं."

तिने आपल्या छातीवर हात ठेवला आणि दादाला सांगितलं, कर्तव्यच होतं माझं. बाकीचं गाळलं. इतक्या वर्षांत तिने कुणाचं अक्षर गाळलं नव्हतं.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत दादा हात हलवत राहिला.

मग त्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत धुतलेल्या चादरींचं एकच गाठोडं उरलं होतं. ते पुढे ओढायला ती आत चढली, तसा दादाने पत्र्यावर हात थोपटला. ती वळली.

"तुला ऐकू आलं ना, त्यांचं होय? केवढं होतं गं?"

दोघांची आवाजांची मापं लहानपणापासून ठरलेली होती. चिमणी चिमटीएवढी. आईची हाक वीतभर. ढगांचा गडगडाट हातभर.

ती वाकून उभी होती. दादा दारात, मान वर करून, तिच्या हातांकडे बघत होता. तिने दोन्ही तळवे समोरासमोर धरले. वीतभर अंतर. दादा वाट बघत राहिला. हातभर. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने हात आणखी पसरले, दोन्हीकडचा थंड पत्रा बोटांना लागेपर्यंत. त्याहून जास्त जागा त्या व्हॅनमध्ये नव्हती.